छतावर चढलेले बैल

मला वाट बघता येत नाही. दूध तापेपर्यंतसुद्धा मी ओट्याशी उभी राहू शकत नाही, म्हणून आमच्याकडे ते नेहमी उतू जातं. अशा बाईच्या नशिबी आला एक एआय एजंट, जो लाकडी बैल एकेक करून मांडायचा.

आमचा गेम तान्ह्या पोळ्यावर होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरातली पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत दारोदार फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. ही गंमत पडद्यावर उभी करायचा घाट मी आणि माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं घातला होता. ती कामठीहून शेअर ऑटोनं यायची आणि आम्ही माझ्या घरी वरच्या खोलीत कूलर लावून बसायचो. चित्रं तिची, बाकीच्या उचापती माझ्या. त्या शुक्रवारी चार वाजता गेम बाजारात आणणाऱ्या एका प्रकाशक कंपनीला व्हिडिओ कॉलवर गेम दाखवायचा होता. त्याच संध्याकाळी पुण्यात मिळालेल्या नोकरीला हो की नाही, हे मैत्रीण कळवणार होती.

"हे दाखवणं तर होऊ दे, मंग पाहू," एवढंच ती म्हणाली होती. ती गेली की गेमही गेला, हे दोघींनाही ठाऊक होतं. खरं सांगायचं तर मला गेमपेक्षा तीच हवी होती.

सकाळी गेममधली पहिली वस्ती मांडायला घेतली. हे काम एजंटचं. आम्ही त्याला सांगायचं आणि त्यानं गेम इंजिनाला, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, हुकूम सोडायचे: इथली जमीन किती उंच आहे ते मोज, इथे बैल ठेव. अशा प्रत्येक हुकुमाला टूल कॉल म्हणतात. एक कॉल गेला की इंजिन सगळा देखावा नव्यानं रंगवणार, मग उत्तर देणार, एजंट ते वाचणार, विचार करणार आणि मग पुढचा बैल. किराणा दुकानातून हळद आणायची, घरी यायचं, मग जिऱ्यासाठी पुन्हा जायचं, असला सगळा कारभार.

"अशानं पुढच्या पोळ्याले होईन आपलं," मैत्रीण म्हणाली.

माझा पारा चढला. मी एजंटला फर्मावलं, सगळे कॉल एकत्र बांध आणि एकदम पाठव. घरांच्या छतांवर पाण्याच्या टाक्या त्यानं नुकत्याच ठेवून संपवल्या होत्या. आता गल्लीची मोजणी आणि सगळे बैल एकाच गठ्ठ्यात गेले. चहा गाळेपर्यंत काम फत्ते! मी मोठ्या तोऱ्यात तिच्या हातात कप दिला आणि पडद्याकडे पाहिलं.

गल्लीत एकही बैल नव्हता. पोरं दोऱ्या धरून उभी होती आणि दोऱ्या सरळ वर गेल्या होत्या, संक्रांतीच्या पतंगांसारख्या. बैल छतांच्या उंचीवर होते. काही टाक्यांशेजारी झुली घालून ऐटीत उभे, तर काही गल्लीवर चक्क हवेत.

"अवं, हे बैल वर काहून चढले वं?"

मी एजंटला शिव्या घालायच्या बेतात होते. तेवढ्यात तिनं बोट दाखवलं. एका बैलानं टाकीत तोंड खुपसलं होतं.

"तहान लागली असन बिचाऱ्याले."

मग जे हसू सुटलं, ते काही केल्या आवरेना. तिच्या डोळ्यांतून पाणी, माझ्या पोटात कळा. "काय खिदळून राहिल्या वं पोरीहो?" म्हणून आई खालून ओरडली, तर आम्हाला आणखीच चेव आला. कित्येक आठवड्यांत आम्ही अशा हसलो नव्हतो.

घोळ तिलाच आधी उमगला. "साडी घ्याले एकीले धाडलं अन् फॉल घ्याले दुसरीले, एकाच टायमाले. फॉलवालीले रंग कसा कळन?" अगदी तसंच झालं होतं. मोजणीचं उत्तर येण्याआधीच बैल ठेवण्याचा हुकूम सुटला होता आणि उंची घेतली गेली होती ती आधी टाक्यांसाठी मोजलेली, छतांची. मग आम्ही गठ्ठे दोन केले. पहिल्यात सगळी मोजणी, उत्तरं आल्यावर दुसऱ्यात सगळे बैल. वाट बघायची, पण एकदाच. एवढी वाट मलाही जमली. बैल सरसर खाली उतरले. पाणी पिणारा तेवढा तिनं वरच ठेवायला लावला.

चार वाजता व्हिडिओ कॉल लागला. प्रकाशक कंपनीतल्या बाईंनी आम्ही पाठवलेली लिंक उघडून एक बैल स्वतः ओढून पाहिला, दोन दारं ठोठावली आणि लहान मुलीसारख्या हसल्या. "लगेच शब्द देत नाही," त्या म्हणाल्या, "पण पुढची वस्तीही बघायला आवडेल. तुमच्या टीममध्ये किती जण आहेत?"

एक म्हणू की दोन? मैत्रिणीकडे बघायचा धीरही होईना.

तिनं खुर्ची सर्रकन पुढे ओढली, मला कोपरानं ढकलून कॅमेऱ्यासमोर आली आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या शुद्ध मराठीत म्हणाली, "दोघी आहोत. पुढची वस्तीही आम्ही दोघीच करणार."

बाई पुढे काय काय विचारत होत्या, ती उत्तरं देत होती. मी मात्र शेजारी बसून नुसती हसत होते.