डाव्या हाताची ओळ

दत्तप्रसाद गावडे चहा बशीत ओतून प्यायचे. पेन्सिलीला टोक करायचं ते सुरीनेच. बायकोशी फोनवर बोलताना उभे राहायचे. मुलं व्हॅनमधून उतरली की प्रत्येक सीटखाली वाकून बघायचे. कुणाची बाटली, कुणाचा एकच बूट सापडायचा. आणि रिकामे बसले की उजव्या हाताची बोटं मांडीवर चालायची, डावा हात मात्र हवेत पुढेमागे हलायचा, पेटीचा भाता मारल्यासारखा.

मयुरेशला हे सगळं पाठ होतं. आखातात, मनामा शहरातल्या एका खोलीत दोघांनी तीन वर्षं काढली होती. मयुरेश साताऱ्याचा, मराठी घेऊन एम.ए. झालेला, इथे विमा कंपनीच्या ऑफिसात फॉर्म भरणारा. दत्ताकाका कुडाळकडचे, गावच्या भजनात पेटी वाजवणारे. अकरा वर्षं ते जवळच्या सनद भागातल्या एका म्युझिक क्लासची व्हॅन चालवत होते. तास सुरू झाला की दार बंद व्हायचं. काका बाहेर बसून पियानो ऐकायचे.

क्लासच्या तस्नीम टीचरने एक फाटकं पुस्तक टाकायला काढलं, ते काकांनी मागून घेतलं. हर्मान लिंडाऊ नावाच्या जर्मन मास्तराचे तीस धडे. दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस. सुरुवातीला इंग्रजीत त्याचं चरित्र होतं. ते मयुरेश दर शुक्रवारी मराठीत सांगायचा. विणकराचा मुलगा. चाळीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलं. दोन ऑपेरा लिहिले, एकही कुणी रंगमंचावर आणला नाही. विद्यार्थिनींसाठी लिहिलेले धडे तेवढे उरले.

"मास्तराचा लगीन झाला की नाय?"

"झालं. मध्ये दोन पानं बोटं कशी ठेवायची याची आहेत, काका. रुक्ष आहे. पुढचं ऐका, त्याची बायको वारली."

"अरेरे. वाच, वाच."

तस्नीमने काकांना वरच्या ओळीतले सूर वाचायला शिकवले. तिला वाटलं, पेटीवर वाजवायला हवेत. काका ते सूर सारेगममध्ये उतरवायचे आणि कागदाचा फोटो गावी श्रेयाला पाठवायचे. श्रेया त्यांची मुलगी, एकोणीस वर्षांची. मागच्या रजेत त्यांनी तिला कीबोर्ड नेला होता. तिला पणजीच्या संगीत महाविद्यालयात पियानोला प्रवेश हवा होता. गावात शिकवणारं कुणी नव्हतं.

"यूट्यूबवर बघ गो," काका म्हणायचे.

"तो माणूस थांबत नाही, बाबा. तुमचा कागद थांबतो."

पुस्तकात प्रत्येक धड्याला दोन ओळी होत्या. काका वरचीच लिहायचे. खालची म्हणजे साथ, असं त्यांनी धरलं होतं. "साथ काय, कीबोर्डाचा मशीन देता." पेटीत डावा हात भात्यावर असतो. त्याला वेगळे सूर असतील, हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही.

तीसच्या तीस धडे गेले. श्रेयाने ते घोटून घोटून पाठ केले आणि परीक्षेला बसली. परीक्षकांनी पहिल्याच मिनिटाला थांबवलं. "दुसरा हात?" ती मांडीवरच्या डाव्या हाताकडे बघत राहिली. घरी येऊन वडिलांना फोन केला तेव्हा रडली नाही, एवढंच म्हणाली, "बाबा, खालची ओळ पण आपलीच होती."

काका फोन ठेवून बसले. मयुरेशने पुस्तक उघडलं आणि गाळलेली दोन पानं पहिल्यांदा वाचली. वरची ओळ उजव्या हाताची, खालची डाव्याची. नवशिक्याने आधी डावा हात तयार करावा. मास्तराने ते तीनदा सांगितलं होतं. मयुरेशने ते काकांना मोठ्याने वाचून दाखवलं.

काकांनी पुस्तक आपल्याकडे ओढलं. मग म्हणाले, "एम.ए. झालंस आणि पानां गाळतंस?"

"चुकलो, काका."

"मास्तराची बायल मेली ता बरा वाचलंस." ते हसले, पण थोडंच. "चल. सुरी दी. पेन्सिल बोथट झाली."

पुढची परीक्षा मे महिन्याच्या वीस तारखेला होती. काकांनी तस्नीमकडून खालच्या ओळीचे सूर शिकून घेतले आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. क्लासबाहेर व्हॅनमध्ये बसून, स्टिअरिंगवर कागद लावायची क्लिपची पाटी ठेवून लिहायचे. दोन दिवसांत एक धडा. सतरावा परीक्षेत नेमलेला होता. श्रेया रोज विचारायची. काका सांगायचे, मधले धडे सोडून उडी मारायची नाही, आधी सोळा होऊ देत.

मेच्या अकरा तारखेला दुपारी तस्नीमचा फोन आला. "मयुरेश भाई, आप आ जाइए. दत्ता अंकल उठ नहीं रहे."

मयुरेश टॅक्सीने सनदला पोचला. व्हॅनचा एसी चालू होता. मुलं पायरीवर ओळीने बसली होती. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. वय बावन्न.

कागदपत्रांना नऊ दिवस लागले. मयुरेश कचेऱ्यांत या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरला. काकांची शवपेटी मुंबईमार्गे मोपा विमानतळावर उतरली ती वीस तारखेला. श्रेया त्या दिवशी गोव्यात गेली. पणजीला नाही, विमानतळावर.

आठवड्याने तिने विचारलं, "दादा, बाबांची पाटी तुझ्याकडे आहे?"

होती. मयुरेशने क्लिपखालचा कागद काढून फोटो पाठवला. सतरावा धडा. वरची ओळ पूर्ण. खाली डाव्या हातासाठी सोळा चौकोन पट्टीने आखलेले. पहिल्या पाचांत सूर आहेत. सहाव्यात एक 'प' आहे, आणि त्यापुढे पेन्सिल नुसती टेकल्याचा ठिपका.