बेस गिटारची दृष्ट

माझा बेस मी स्वतः केला होता आणि त्याचं कौतुक मी सोडून सगळ्या गल्लीला होतं. मी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात लेथवर कामाला होतो. तारा अडकवायचा ब्रिज कारखान्यातच तासून घेतला, खुंट्या आणि आवाज पकडणारे पिकअप मुंबईहून मागवले, बॉडी आणि दांडी जुन्या सागवानी दाराच्या फळीतून कापली. बेसच्या तारा जाड असतात. चार तारा मिळून दांडीला केवढ्या जोरानं ओढतात, याचा विचार मात्र राहून गेला. वर्षभरात दांडी पुढं वाकली आणि मधल्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, तारा बोटभर उंच उभ्या राहिल्या. दाबून दाबून बोटांना घट्टे पडले. तरी वाजवत होतो, कारण गल्लीत दुसरा बेस नव्हता.

मग समोरच्या घरातल्या माझ्या दोस्ताला त्याच्या मामानं दुबईहून बेस आणला. काळाभोर, गुळगुळीत, तारा फ्रेटला लागून अशा की नुसतं बोट टेकवलं तरी सूर. मी जळलो. लोक याला हेवा वगैरे म्हणतात. माझ्या पोटात खरोखर दुखायचं. त्यात गावातल्या एका ऑर्केस्ट्राचा बेसवाला नोकरी लागून पुण्याला गेला. गणपतीत पेठ वडगावपासून त्यांचे कार्यक्रम सुरू व्हायचे. मालकानं सांगितलं, श्रावण संपता संपता तुम्हा दोघांना ऐकतो, एकाला घेतो. जागा एक, आणि ती मला हवी होती. त्याच्याइतकीच नव्हे, जास्त हवी होती.

दर रविवारी मी त्याच्या घरी जाऊन बसायचो. चहा निमित्त. खरं म्हणजे त्या बेसात कुठंतरी खोट सापडते का ते बघायचो. खोट सापडली नाही, पण खुंट्यांच्या खाली एक छोटं काळं झाकण दिसलं.

"हे काय रं?"

"काय की. शो असंल," तो म्हणाला.

ज्याच्याकडं आहे त्याला पत्ता नाही, हे मला आणखीच झोंबलं. झाकणाचे स्क्रू काढून बघितलं तर आत षटकोनी भोकाचा नट. मग उमगलं. दांडीच्या पोटात सळी घातलेली होती. तारा दांडीला पुढं ओढणार, सळी मागं ओढणार, आणि त्या दोघींच्या भांडणात दांडी सरळ राहणार. माझ्या सागवानात ही सळी नव्हती. घरी येऊन मी माझ्या बेसकडं बघितलं आणि त्या दिवशी जेवलो नाही.

आषाढ लागल्यापासून मी सात-आठ रविवार फिरकलो नाही. कारखान्यात जादा काम होतं, आणि बघवतही नव्हतं. श्रावण संपताना गेलो तर घरात सुतक पडल्यासारखं. बेस खरखरत होता. पहिल्या दोन-तीन फ्रेटवर तर प्रत्येक तार पट्टीवर घासायची. मालक दुसऱ्या दिवशी ऐकायला येणार होता.

दोस्ताची आई चुलीपाशी मीठ-मोहरी आणि मिरच्या घेऊनच बसली होती. तिनं बेसवरून मूठ उतरवली. "आल्या-गेल्याची, पाप्या-चांडाळाची, शेजाऱ्या-पाजाऱ्याची..." इथं ती थांबली आणि माझ्याकडं बघितलं. मूठ चुलीत पडली. मिरच्या जळल्या, धूर झाला, पण ठसका कुणालाच लागला नाही. मिरच्यांचा ठसका लागत नाही तेव्हा दृष्ट मोठी असते, हे आमच्याकडं पोरासोरांनाही ठाऊक.

"लई दिष्ट लागलीया," काकी म्हणाली. "दर ऐतवारी येऊन टक लावून बसल्यावर न्हाय व्हनार तर काय."

मी दोस्ताला विचारलं, "पावसाळ्यात काय केलंतंस ह्याला?"

"काय न्हाय. तारा पार सैल सोडून घोंगड्यात गुंडाळून ठेवलतं. बाबा ढोलकी ठेवायचं की तसं."

झालं ते असं होतं. ढोलकीच्या दोऱ्या सैल सोडून ठेवणाऱ्या घरातला तो, वाद्याला विसावा दिला. पण तारा विसावल्या तरी आतली सळी ओढतच राहिली, आणि दोन महिन्यांत दांडी मागं वाकली. मला कळलं. मलाच कळलं होतं. गप्प बसलो असतो तर जागा माझी होती. पण गल्ली जन्मभर म्हणाली असती, ह्याच्या डोळ्यानं दुबईचा बेस फोडला. जागा घ्यावी तर दृष्ट माझी, दृष्ट नाकारावी तर जागा त्याची.

दांडी सरळ आहे का ते बघायला एक डोळा मिटून तिच्यावरून दुसरा रोखावा लागतो, लेथवर शाफ्ट बघतात तसा. मी बेस उचलून डोळ्याशी धरला.

"बघू नगंस तसा," काकी म्हणाली.

"बघितल्याबिगर कसं कळंल, काकी?"

कारखान्यातली षटकोनी किल्ली आणून नट थोडा सैल केला, तारा सुरात चढवल्या आणि रात्रभर तसाच ठेवायला सांगितला. सकाळी अजून थोडा. खरखर गेली. दुपारी मालकानं आधी मला ऐकलं, मग त्याला. "पावणं, हात तुमचा बरा हाय," मला म्हणाला, "पर आवाज ह्याचा हाय." आणि जागा त्याला दिली.

वडगावला निघायच्या दिवशी टेम्पो दारात होता. काकीनं पुन्हा मूठ उतरवली, या खेपेला लेकावरून आणि बेसवरून. "शेजाऱ्या-पाजाऱ्याची" मात्र गाळलं, माझ्यासमोर. एवढा मान तिनं ठेवला. मूठ चुलीत टाकली. मिरच्या काळ्या पडल्या, धूर सगळ्या सोप्यात भरला. पुन्हा कुणाला ठसका लागला नाही.

काकीचा हात तसाच राहिला. तिनं चुलीकडं बघितलं, मग हळूहळू मान वळवायला लागली.

मी जोरात खोकलो. एकदा, दोनदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"गेली बग," काकी म्हणाली, आणि मला पाण्याचा तांब्या दिला.