पार्कातला रेडिओ आणि सलोख्याचं वेळापत्रक

दगड पार्कातल्या रेडिओच्या भोंग्याला मारला होता, लागला शामण्णा मास्तरांच्या कपाळाला. टाके पडले. दुसऱ्या दिवशी कॉर्पोरेशनमधले आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर राजाराव यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सदलगे, नगरसेवक म्हणतात पार्क बंद करा. कमिशनर म्हणतात चालू ठेवा, पण लोकांत सलोखा करा. तो तुम्ही करायचा."

"सर, मी इलेक्ट्रिकलचा ज्युनिअर इंजिनिअर."

"भांडण रेडिओवरून झालं ना? रेडिओ इलेक्ट्रिकल आहे."



त्या काळी घरोघरी रेडिओ नव्हते. बंगळूरच्या पार्कांत कॉर्पोरेशनचा रेडिओ असायचा. मध्ये एक खोली, तिच्यात सेट, बाहेर खांबांवर भोंगे. संध्याकाळी लोक गवतावर बसून ऐकायचे. कँटोन्मेंटकडच्या या पार्काच्या एका बाजूला कन्नड वस्ती, दुसऱ्या बाजूला तमिळ गिरणी कामगार, तिसरीकडे इंग्रज गेल्यावरही इथंच राहिलेली अँग्लो-इंडियन कुटुंबं. सेट एक, स्टेशनं तीन. कन्नड नाटक रंगात आलेलं असताना कुणीतरी बटण फिरवून तमिळ गाणी लावली. आरडाओरडा झाला, कुणी परत नाटक लावलं आणि दगड आला. मारणारा कुणालाच दिसला नाही. प्रत्येक वस्तीची मात्र खात्री होती की तो उरलेल्या दोनपैकी एकीतला आहे.

"पण मीच का, सर?"

"तुम्ही मराठी. तिघंही तुमच्यावर सारखाच अविश्वास ठेवतील. दुसरं क्वालिफिकेशन काय लागतं?"

रेडिओच्या खोलीत मीटिंग घेतली. कन्नड वस्तीतर्फे कपाळाला पट्टी बांधलेले शामण्णा मास्तर. तमिळ लोकांतर्फे गिरणीतले रिटायर्ड फोरमन मुदलियार. मागांच्या खडखडाटावर चढवलेला आवाज त्यांनी अजून उतरवला नव्हता. तिसऱ्या मिसेस रोझारिओ, हॉस्पिटलच्या माजी मेट्रन, हातात छत्री. मास्तरांनी पहिला प्रश्न मलाच टाकला.

"तुम्ही निपाणीचे ना? निपाणी नक्की कुणाची?"

सीमाभागाचा वाद तेव्हा गरम होता. मी म्हटलं, "सध्या माझ्या आईवडिलांची."

तेवढ्यावर सुटलो. मग वेळापत्रक केलं, प्रत्येक भाषेला अर्धा तास. मला वाटलं, झालं काम. पण पूर्वी लोक कधीही यायचे, कधीही जायचे. आता प्रत्येक वस्ती आपल्या पाळीला यायची आणि घड्याळ बघत दुसऱ्यांची संपायची वाट बघायची. मद्रासचे गवई काही आमचं वेळापत्रक बघून गात नव्हते. त्यांचा राग रंगात यायला आणि मेट्रनबाईंची छत्री खिडकीवर आपटायला एकच गाठ पडायची. मास्तर म्हणायचे, "बातम्या संपू देत, स्वल्प थांबा." ते स्वल्प कधी संपत नसे.

वाईट वाटलं ते मुलांचं. आधी ती एकत्र खेळायची. आता पाळी संपली की आया हाका मारून आपापली मुलं गोळा करायच्या. घरी बसवनगुडीला हे सांगितलं तर बायको म्हणाली, "भांडण मिटवलंत की त्याला टाइमटेबल दिलंत?"

अशात एका शनिवारी मेट्रनबाईंच्या इंग्रजी गाण्यात सेट गप्प झाला. व्हॉल्व्ह गेला होता. व्हॉल्व्ह म्हणजे बल्बसारखी काचेची नळी. ती गेली की रेडिओ म्हणजे नुसतं कपाट. मेट्रनबाईंना मुदलियारांचा संशय, मुदलियारांना मास्तरांचा, मास्तरांना माझा.

सोमवारी तिघंही तक्रार घेऊन ऑफिसात आले. वेगवेगळे आले, पण साहेबांच्या केबिनबाहेर बाक एकच होता. प्यूननं त्यांना रीतीप्रमाणे भरपूर ताटकळत ठेवलं. आधी तिघं तीन दिशांना बघत होते. मग मेट्रनबाईंना राहवेना.

"मास्टर, इकडे बघा. हे टाके कुणी घातले? माणूस शिवलाय की गादी?"

त्यांनी मास्तरांची हनुवटी धरून डोकं उजेडाकडे वळवलं आणि त्या डॉक्टरला बाजारी तमिळमध्ये एक शिवी हासडली. मास्तर खो खो हसले आणि तमिळमध्येच उत्तरले. मुदलियार उडाले.

"तुम्हाला तमिळ येतं?"

"तुमच्या पोरांना गणित कोण शिकवतं?"

आत बोलावणं येईपर्यंत तिघांचं एकमत झालं होतं की कॉर्पोरेशन अगदी निकामी आहे. मुदलियार ओरडत होते, मेट्रनबाई विशेषणं पुरवत होत्या आणि मास्तर मधूनमधून व्याकरण सुधारत होते. राजाराव खुशीत ऐकत होते. तिघं गेल्यावर राजारावांनी मला विचारलं, "व्हॉल्व्हला किती दिवस लागतील?"

"स्टोअरमध्ये आहे, सर. आत्ता बसवतो."

"स्टोअरमध्ये नाही."

"सर, मी स्वतः पाहिलाय."

"नाही म्हटलं ना? मद्रासहून मागवायचाय. महिना तरी लागेल."

मग मी रोज संध्याकाळी पार्कात जाऊन शिव्या खाऊ लागलो. मला शिव्या द्यायला तिघं खोलीच्या पायरीवर आधीच येऊन बसत. वाट बघताना मेट्रनबाईंचा केक निघे, मुदलियारांकडचे मुरुक्कू, म्हणजे तमिळ चकल्या, निघत. रेडिओ नाही म्हणून पाळ्या नाहीत, त्यामुळे मुलंही पुन्हा एकत्र हुंदडू लागली. एकदा मी गेलो तर कुणी मानच वर करेना. मी खाकरलो.

"उद्या या," मेट्रनबाई म्हणाल्या. "आत्ता आम्ही बोलतोय."

त्याच दिवशी मुदलियार पहिल्यांदा हळू आवाजात बोलले. "मास्तर, तो दगड आमच्याकडचा होता. माझ्या भाच्यानं मारला."

मास्तरांनी कपाळावरून हात फिरवला. "ठाऊक आहे. माझ्याच वर्गात होता तो. नेम कधीच धड नव्हता."

 मुदलियारांनी मुरुक्कूचा डबा मास्तरांपुढे सरकवला आणि परत नेलाच नाही.

महिन्यानं मी व्हॉल्व्ह बसवला. स्टेशनावरून वाद पुन्हा सुरू झाले, पण ते आता एकाच पायरीवर बसून. दगड नाही. दगडानंतर पार्कात बसवलेला पोलीसही उठवला गेला. कमिशनर साहेबांनी मीटिंग बोलावून बाकीच्या इंजिनिअरांना माझी पद्धत सांगायला लावली. राजारावांनी टेबलाखालून पाय दाबला. मी उभा राहून म्हणालो, "सुटे भाग वेळेवर न मिळाल्यामुळे हे यश मिळालं."

सगळ्यांनी ते लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात आणखी काही पार्कांतले रेडिओ बंद पडले.

नोकरीत काम न करणारे साहेब मी पुष्कळ पाहिले. काम कधी करायचं नाही हे कळणारा एकच भेटला.