वरच्या दातांचे बाबा

“वरचे माझे, खालचे तिच्या आईचे. पावत्या दोन लागतील.”

डॉक्टरांच्या केबिनचं दार अर्धवट उघडं होतं, त्यातून हे बाहेर आलं. मी काउंटरवर नेहमीप्रमाणे मान खाली घालून बसले होते, ती आपोआप वर झाली. घटस्फोटात घर, गाडी, फ्रिज वाटून घेतलेली माणसं घाटकोपरच्या आमच्या दातांच्या दवाखान्यात पुष्कळ येतात. पण पोटच्या मुलीच्या तोंडाची अशी आडवी वाटणी करणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच असणार. पुढची दोन वर्षं तो दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्याकडे येत राहिला. त्याच्या मागे आम्ही त्याला ‘वरच्या दातांचे बाबा’ म्हणायचो. समोर मी काहीच म्हणायचे नाही. मी कुणालाच फारसं काही म्हणत नाही.

मुलगी रेवा, तेरा वर्षांची, आईबरोबर मुलुंडला राहायची. तिचे बाबा, मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायचे, गोरेगावला. रेल्वे-मेट्रोच्या नकाशावर स्टेशनं मोजून त्यांनी मधलं ठिकाण काढलं होतं, म्हणून घाटकोपर. रेवाची आई तिला खाली गेटपाशी सोडून ऑफिसला जायची, वर कधी यायची नाही. काका तासभर आधी येऊन बसलेले असायचे. मांडीवर पेजेचा थर्मास, कारण दातांच्या तारा आवळल्या की पोरीला चावता येत नाही. दुसरा छोटा थर्मास माझ्यासाठी. “घे गो बाय, तुझे दात सरळ असले म्हणून काय झालं?”

हद्दीच्या बाबतीत मात्र ते फार काटेकोर होते. एकदा रेवाच्या खालच्या दातावरचं, तार धरून ठेवणारं ब्रॅकेट निघालं. डॉक्टर ते चिकटवायला निघाले तर यांनी हात आडवा केला आणि बायकोला, म्हणजे पूर्वीच्या बायकोला, फोन लावला. “ऐक, तुझ्या हद्दीत एक ब्रॅकेट पडलंय. मी लक्ष घालू का?” पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. “घाल! खालचे दात तुझ्या आईवर गेलेत आणि हप्ते मी भरतेय!” रेवा खुर्चीत आडवी, तोंडात कापूस. ती इतकी हसली की तो कापूस डॉक्टरांच्या चष्म्यावर जाऊन बसला.

काका स्टुडिओत आकाशं रंगवायचे. आता पुष्कळ ठिकाणी कॉम्प्युटरच आकाश लावतो, पण मालिकेतल्या खिडकीबाहेर जे दिसतं ते अजून कुणीतरी हातानं रंगवतं, आणि ते कुणीतरी म्हणजे काका. ते सहज बोलायचे, “काल दोन संध्याकाळी दिल्या. सोमवारपर्यंत एक पहाट द्यायची आहे.” असं वाक्य ऐकल्यावर मला बराच वेळ पुढच्या अपॉइंटमेंट दिसेनाशा व्हायच्या. रिसेप्शनच्या खिडकीसमोरून मेट्रो जायची, तिच्या काचांवर खरं आकाश डब्याडब्यानं सरकायचं, आणि ते डोळे बारीक करून म्हणायचे, “यात निळा जरा जास्त झालाय ना?” मलाही मग तो जास्त वाटायचा.

कुठल्याही बापाला मुलीचे दात लवकर सरळ व्हावेत असं वाटतं. यांना वाटायचं नाही. रेवा आत असली की ते दारात उभे राहून डॉक्टरांना हळूच सांगायचे, “गडबड नको. सावकाश होऊ दे.” डॉक्टरांना वाटायचं, पोरीला दुखू नये म्हणून. मला कारण माहीत होतं. भेटीचे ठरलेले रविवार शूटिंगनं आणि रेवाच्या क्लासनं केव्हाच खाल्ले होते. उरला होता हा एक शनिवार. तारा निघाल्या की तोही जाणार होता. आणि काकांचा स्वभाव असा की कामाशिवाय ते कुणाच्या दारात जायचे नाहीत. “उगाच गेलं की माणसाला अवघडल्यासारखं होतं,” ते म्हणायचे. “काहीतरी निमित्त हवं.”

दात काही ऐकत नाहीत. गेल्या महिन्यात ते सरळ झाले.

त्या शनिवारी रेवाची आई पहिल्यांदा वर आली. तारा काढल्यावर रेवा दातांवरून जीभ फिरवत आरशासमोर उभी राहिली. “ई, किती गुळगुळीत!” ती ओरडली. ते दोघं तिच्या मागे उभे होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. मग आई म्हणाली, “छान झाले रे.” काका म्हणाले, “झाले ना.” इतकंच.

डॉक्टर म्हणाले, दात परत सरकू नयेत म्हणून रात्री रिटेनर घालायचा आणि सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. काकांचा चेहरा उजळला. तेवढ्यात आई अगदी मायेनं म्हणाली, “मी आणीन तिला. तू कशाला उगाच एवढ्या लांबून येतोस?”

“हो, बरोबर आहे,” काका म्हणाले. बोलताना त्यांनी तारीख लिहायला काढलेलं पेन परत खिशात ठेवलं.

मायलेकी खाली गेल्या. रेवानं जिन्यातून “बाय बाबा!” केलं. काका काउंटरपाशी तसेच उभे राहिले. बाहेर ऊन उतरत होतं. एरवी त्यांनी त्यातला कुठलातरी रंग नापसंत केला असता.

“चल गो बाय,” शेवटी ते म्हणाले. “आता काही काम राहिलं नाही.”

ते दारापर्यंत पोचले होते. मी उठून उभी राहिले. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

“काका, काम नसलं तरी जा तिच्याकडे. माझे बाबा काम असलं तरच यायचे. मी रोज वाट बघायचे.”