तूप न वाढलेली पंगत

जयाताई सरनोबत म्हणजे देवासातली ठाम बाई. जन्म बागलीचा, नोकरी कन्नौदच्या हिंदी शाळेत. एकदा परीक्षेच्या दिवशी बस चुकली, तर बाई सोयाबीनच्या ट्रॉलीवर बसून हजर, आणि वर निऱ्यासुद्धा जागच्या जागी. ते असो. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावातल्या मराठी मंडळाच्या हॉलात दर रविवारी मराठीचा वर्ग काढला.

मुलं घरी मराठी बोलणारी, पण हिंदीत शिकलेली, वाचताना अडखळायची. जयाताईंनी एक जुनी कादंबरी वाचायला घेतली, मग तिच्यावरचा सिनेमा दाखवला आणि दोन्हींची तुलना करायला सांगितलं. सगळी पोरं सिनेमाच्या बाजूनं. नातीच्या शाळेला सासरा नाही म्हणतो, तेव्हा सिनेमातली सून ताट भिरकावून खणखणीत भाषण करते. कादंबरीतली नुसती त्याच्या भातावर तूप वाढत नाही.

“ताई, उस पन्ने में कुछ होताच नाही,” कृतिका म्हणाली. ही कॉलेजातली, वर्गात सगळ्यात हुशार आणि तितकीच तोंडाळ.

पोरं पुस्तकाला कंटाळली, हे मंडळाचे कार्यवाह दत्ताजी यांच्या कानावर गेलंच. वर्ग बंद करून त्या जागी नुसते सिनेमे दाखवायचे, हे सांगायला ते पुढच्या रविवारी येणार होते. मंडळातल्या बायकांनी सुचवलं, हातापाया पडून बघा. जयाताई म्हणाल्या, पाया कशाला पडायचं, जेवायला वाढू.

रविवारी पंगत बसली. वाढायला कृतिका. जयाताईंनी तिला बाजूला घेऊन बजावलं की दत्ताजींना सगळं वाढ, भातावर तूप तेवढं मी सांगेपर्यंत नको. कृतिकेला हसू आलं. तिच्या घरी टेबलावर जो तो आपलं आपण घेतो; हे आजोबाही तसेच जेवायला लागतील, झालं.

पण दत्ताजी पडले जुन्या घरातले. भातावर तूप पडून अन्नशुद्धी झाल्याशिवाय घास उचलायचा नाही, आणि तूप मागायचं तर मुळीच नाही. पोरं जेवायला लागली, हे आपले बसून. वरण निवलं, भजी मऊ पडली. त्यांनी पाण्याचं भांडं उगाच सरळ केलं, छताकडे पाहिलं, पुन्हा ताटाकडे. हळूहळू पंगतीतल्या माना त्यांच्याकडे वळल्या. तुपाची वाटी धरून उभ्या कृतिकेलाच घाम फुटला. एवढा मोठा माणूस आपल्या चमचाभर तुपासाठी अडलाय! जयाताई मात्र खांबाला टेकून निवांत.

शेवटी दत्ताजी म्हणाले, “अपमान करायला बोलावलंत का, जयाताई?”

“छे हो, वर्ग चालू आहे. काय गं कृतिका, त्या पानात काही होतं की नाही?”

कृतिकेनं आधी तूप वाढलं. मग म्हणाली, “होतं, ताई. ताट फेकलं की संपलं. हे संपतच नाही.”

“अरे भिया, सिनेमात कॅमेरा नुसता वाटीवर ठेवायचा ना,” वर्गातल्या राजवर्धननं तोंड घातलं. शेजारच्या हर्षितचं म्हणणं, मग थेटरात सगळे मोबाइल काढून बसले असते. अशी जुंपली की भजी तशीच राहिली.

कसलं पान, ते दत्ताजींनी विचारलं, तेव्हा जयाताईंनी पुस्तक कृतिकेच्या हातात दिलं. ती अडखळत वाचू लागली. शब्द अडला की दत्ताजी हातातला घास तसाच धरून सांगत. पान संपलं तसं जयाताईंनी पुस्तक मिटलं.

“मग सासरा काय करतो?” दत्ताजींनी विचारलं.

“ते पुढच्या रविवारी. वर्ग असला तर.”

दत्ताजींनी पोरांकडे पाहिलं, मग भात कालवला.

“असेल हो. पण तेव्हा वरण गरम वाढा.”