शैलाताईंनी आखलेलं सर्किट

फोन जिजाजींचा होता. सकाळचे आठ वाजले असतील, मी चहा गाळत होते. जिजाजींना दिसत नाही, त्यामुळे फोन लावायचं काम नेहमी ताईचं. त्यांचा आवाज ऐकला आणि माझा हात तिथंच थांबला. "नलू, तुझी ताई गेली वं. उठली नाही म्हणून हाक मारली... मग हात लावून पाहिला," एवढंच म्हणाले. खमरियाहून शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यात त्यांच्या घरी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि जिजाजी तिच्या उशाशी ताठ बसून होते. या गोष्टीला आता दोन महिने होत आले.

शैलाताई माझी सख्खी बहीण नव्हे. ट्रकच्या कारखान्यातल्या ड्रॉइंग ऑफिसात मी नवीन लागले तेव्हा ती तिथली सीनियर होती. दिवसभर हिंदीत बोलून थकलेल्या आम्ही दोघी, डबा उघडला की मराठीत यायचो. ट्रेसिंग पेपरवर शाईनं रेघ ओढायला मला तिनं शिकवलं. "रेघ चालू असताना श्वास घेऊ नको. संपली की घे," म्हणायची. शाई चुकली की ब्लेडनं इतक्या हलक्या हातानं खरवडायची की कागदाला कळू नये. तिचे यजमान वसंतराव, म्हणजे आमचे जिजाजी, नव्या ट्रकांची चाचणी घेणारे ड्रायव्हर होते. जन्मभर त्यांनी अवजड ट्रक हळूहळू चालवले, आणि दर रविवारी टीव्हीसमोर बसून शर्यतीच्या गाड्या पाहिल्या. ताईला त्या शर्यतींतलं ओ की ठो कळत नसे. ती शेजारी बसून भाजी निवडायची.

निवृत्तीनंतर काचबिंदूनं जिजाजींची नजर गेली, आणि नजरेमागोमाग बोलणंही. घराबाहेर पडणं बंद झालं. एका रविवारी ताईनं मुद्दाम शर्यत लावली तर म्हणाले, "बंद कर ते. काय ऐकू, माश्यांची घूंघूं?" तिनं टीव्ही बंद केला. पण त्याच आठवड्यात वर्तमानपत्रातला शर्यतीच्या रस्त्याचा, म्हणजे सर्किटचा नकाशा तिनं कापून ठेवला, तो पुठ्ठ्यावर मोठा करून काढला आणि त्या रेघेवर गोंदानं जाड दोरा चिकटवला. पुढच्या रविवारी टीव्ही लावून जिजाजींचं बोट त्या दोऱ्यावर ठेवलं. मी तेव्हा तिथंच होते. बराच वेळ काहीच झालं नाही. मग इंजिनाचा आवाज खाली आला आणि जिजाजींचं बोट एका वळणावर थांबलं. "इथं गियर उतरवला त्यानं," ते म्हणाले. ताईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भाजी निवडत राहिली.

असे किती दोऱ्यांचे नकाशे तिनं केले असतील! जिजाजी हळूहळू त्यांत खोट काढायला लागले. हे वळण बेकार, हा सरळ पट्टा उगाच लांबवला. एक दिवस ताई वैतागून म्हणाली, "काहून दुसऱ्याच्या रस्त्याले नावं ठेवून राहिले? तुम्ही सांगा, मी काढते."

तिथून त्यांचं स्वतःचं सर्किट सुरू झालं. ताईला हवेतलं काही काढता येत नसे, तिला खरी जमीन हवी होती. शहराबाहेर बरेला गावाकडे जाताना एक खडकाळ, चढउताराचा माळ आहे. तो तिनं निवडला. रविवारी सकाळी ऑटो करून दोघं जायचे. ती टेप धरून चालायची, जिजाजी चपला काढून पायांनी उतार ओळखायचे. गुरं चारणारे विचारायचे, "दीदी, यहाँ क्या बन रहा है?" ताई खरं सांगायची, "कुछ नहीं बन रहा भैया, हम लोग सोच रहे हैं." मीही एकदा म्हटलं, "ताई, हे कधी बनायचं नाही. एवढी मेहनत कशाला?" ती म्हणाली, "ते परत भांडायले लागले माझ्याशी. अजून काय बनायचं राहिलं?"

दीडेक वर्षात नऊ शीट तयार झाले. मला इतका अभिमान वाटला की तिला न विचारता मी ते आमच्या शेजारच्या, रस्त्यांच्या आखणीत उमर काढलेल्या एका इंजिनियरांना दाखवले. त्यांनी चष्मा पुसून दोनदा पाहिले. "काम बहुत सुंदर है," ते म्हणाले, "पर इस मोड़ पर आदमी मर जाएगा." लांब पट्ट्याच्या शेवटी उतारावरचं ते वळण होतं. घसरलेल्या गाडीला थांबायला जागाच नव्हती. जिजाजींचं सगळ्यात लाडकं वळण तेच.

मी ताईला स्वयंपाकघरात गाठून हळूच सांगितलं आणि वर म्हटलं, "जिजाजींना नको सांगू. कोण तिथं गाडी चालवणार आहे?" ताईनं हात पुसले. "किती जागा कमी पडते?" एवढंच विचारलं. मग सरळ बाहेर जाऊन नवऱ्याला सांगितलं. जिजाजी उठून पलंगावर जाऊन आडवे झाले. दोन दिवस तसेच. मला वाटलं, झालं, जेवढं कमावलं तेवढं माझ्यापायी गेलं... तिसऱ्या दिवशी भीत भीत गेले तर आतून आवाज येत होता.

"वळणाजवळचं ते मोहाचं झाड काढून टाक ना! तेवढी जागा मिळते."

"झाड नाही निघत."

"अवं, कागदावरचा एक गोल तर आहे! ब्लेड मार."

"झाड खरं आहे जी. रस्ता आपला आहे. रस्ता सरकवा."

रस्ता सरकवायचा म्हणजे नऊच्या नऊ शीट नव्यानं. ताईचा हात तेव्हा कापायला लागला होता. ती सकाळच्या उजेडात तासभर बसायची, रेघ थरथरली की खरवडायची, पुन्हा ओढायची. पावसाळा गेला, थंडी सुरू झाली. या कामाचा बडेजाव तिनं कधी केला नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "यांचं काम चालू आहे, मी फक्त काढून देते." मी पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत. पण जिथं कोणाचं काही बिघडणार नाही, तिथंही बरोबरच करणारी ही एकच.

तेरावं झाल्यावर आठवड्याभरानं जिजाजींनी मला बोलावलं. नऊही शीट पलंगावर पसरून ठेवले होते. कोपऱ्यातल्या चौकटीत 'आरेखन' पुढे ताईची सही होती, 'तपासणी' पुढे कोरं. "आपलं काढलेलं आपण तपासायचं नाही म्हणायची. तू तपास," ते म्हणाले. दोन दुपारी मी पट्टी घेऊन बसले. एकही रेघ चुकली नव्हती. फक्त सातव्या शीटवर, नाल्यावरच्या पुलियाजवळ अंतर दाखवणाऱ्या बाणाच्या दोन्ही टोकांमध्ये आकडा नव्हता. शेवटी शेवटी तिला तिथवर जाणं झालं नसेल. अंदाजानं तिनं काही लिहिलं नव्हतं.

"मग चल," जिजाजी उठलेच.

रविवारी आम्ही गेलो. टेपचं एक टोक जिजाजींनी पुलियाच्या दगडावर दाबून धरलं, दुसरं घेऊन मी गवतातून चालत गेले. आकडा मोठ्यानं वाचला. "रस्त्याले पुरतं काय?" त्यांनी तिकडून ओरडून विचारलं. "पुरतं जिजाजी!" मी म्हटलं. तिथंच दगडावर शीट ठेवून मी शाईनं आकडा लिहिला आणि खाली सही केली. मग मलाच वाईट वाटलं. ताईचे आकडे छापल्यासारखे, त्यांत माझा हा वाकडा. जिजाजींना तसं सांगितलं.

ते टेप गुंडाळत होते. म्हणाले, "असू दे. गाडीले कुठं वाचता येते!"