पारावरचा धनेश

जिंतूरच्या बाजारात गुडघेदुखीच्या तेलाचा उग्र वास आला आणि चारठाण्याच्या पारावरचा पिंपळ आठवला. तिथं लहानपणी मी पहिल्यांदा धनेश पक्षी पाहिला. बाकदार चोचीतलं उंबर तो ढोलीच्या फटीतून आत भरवत होता.

“आत मादी हाय, चिखलानं दार लिंपून बसलीय,” माझे आबा म्हणाले.

तेवढ्यात गावच्या जमीनदारानं बंदुकीचा बार काढला. “गुडघ्याला याचं तेल लय गुणाचं,” म्हणत त्यानं खाली पडलेला नर उचलला. आता आतली मादी उपाशी मरेल म्हणून मी ढोली फोडायला धावलो.

“ए, पाराला शिवशील तर बघ,” तो म्हणाला.

आबांनी मला मागं ओढलं. तेव्हा त्यांचा राग आला. आज कळतं, त्यांना त्याच गावात राहायचं होतं. पण ज्या पारावर बंदूक चालते आणि बौद्धाच्या पोराचा हात चालत नाही, त्याला मी पवित्र म्हणणार नाही. आम्ही निघालो तेव्हा मादीनं फटीतून चोच उघडली होती.